वेठ कोणत्या खात्यात मांडायची?

गेल्या ऑक्टोबरात डहाणूला आमच्या अभ्यासमंडळात भांडण झालं. कारण साधं. १० ऑक्टोबरला तलासरीत हुतात्मा दिन असतो. १९४५ साली त्या तारखेला तलवाड्याला पोलिसांनी वारल्यांच्या जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. मी म्हटलं, आपण जाऊ. एक पोरगा ताडकन उठला. म्हणाला, "दादा, तो त्यांचा दिवस. त्यांचा लढा मजुरीचा, आपला जातीचा. लाल बावट्याखाली जाऊन आपण काय पेंढ्या बांधायच्या?" दुसरा म्हणाला, "पोटात अन्न नाय तर स्वाभिमान काय चाटायचा?" झालं. दोन तट पडले. चहा तसाच गार झाला.

मला त्या रात्री उत्तर देता आलं नाही, ही कबुली आधी देतो. घरी येऊन मी गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' पुन्हा काढलं. १९७० साली आलेलं पुस्तक. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी. आपल्यातल्या बहुतेकांनी ते वाचलेलं नाही. ज्यांनी वाचलं त्यांनी 'कम्युनिस्टांचं पुस्तक' म्हणून फडताळात टाकलं. मीही त्यातलाच. यावेळी मात्र एकच प्रश्न घेऊन वाचलं : हा लढा भाकरीचा होता की माणूसपणाचा?

आणि मित्रांनो, पहिल्याच फटक्याला प्रश्नच खोटा ठरला.

वेठ म्हणजे काय ते आधी बघा. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं. स्वतःचं शेत पावसात तसंच टाकून त्याच्या शेतावर जायचं. नाही गेलं की मार. आता सांगा, ही वेठ कोणत्या खात्यात मांडायची? मजुरी बुडाली म्हणून आर्थिक खात्यात? की हाक मारली की धावत जायचं, नाही म्हणायचं तोंडच नव्हतं, म्हणून सामाजिक खात्यात? लग्नगडी घ्या. लग्नाला सावकाराकडून कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं त्याच्या घरी गडी. वर्षानुवर्षं राबून कर्ज फिटत नाही. त्या बाईच्या अंगावरही मालकाचा हक्क. हे कर्ज आहे, गुलामगिरी आहे आणि बाईची विटंबना आहे. तिन्ही एकाच दोरीचे पीळ. एक पीळ सोडवला म्हणून दोरी सुटत नाही.

२३ मे १९४५. झरी गावात परिषद भरली. सुमारे ५००० वारली जमले. आज झरी तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा उंबरगाव तालुका होता. तिथे काय ठरलं? वेठ करायची नाही. जमीनदाराच्या शेतावर जायचं तर दिवसाला १२ आणे, तेही रोख. कुणी मारायला आलं तर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. आणि एकी ठेवायची. हे ठराव पुन्हा वाचा. १२ आण्यांचा ठराव आणि मार न खाण्याचा ठराव शेजारी शेजारी आहेत. त्या निरक्षर माणसांना खाती वेगळी करायची अक्कल नव्हती, असं कुणी पंडित म्हणेल. मी म्हणतो, त्यांना ती गरजच नव्हती. पाठीवर वळ असलेल्या माणसाला ठाऊक असतं की वळ आणि रिकामं पोट एकाच हाताने दिलंय.

'रोख' हा शब्द तर मला फार मोठा वाटतो. धान्याच्या मापात मालक मारतो, वहीत मालक मारतो. रोख पैसा हातात पडला की वारली बाजारात उभा राहून भाव विचारू शकतो. जो भाव विचारतो तो गडी उरत नाही. पगाराची मागणी इथे मानाची मागणी झाली. हे या पुस्तकाचं मोठं काम आहे. ते सिद्धांत सांगत बसत नाही. वेठीची, मारझोडीची, भीतीची आणि भीती गळून पडण्याची हकिगत ते सांगतं. मराठीत कामगार-किसानांवर ढीगभर छापलं गेलं. पण भीती माणसाच्या अंगातून कशी उतरते, हे इतक्या जवळून बघितलेलं पुस्तक विरळा.

या लढ्याशेजारी आणखी एक चित्र ठेवून बघा. याच ठाणे जिल्ह्यात बाळासाहेब खेरांचं आदिवासी सेवा मंडळ १९४० पासून काम करत होतं. शाळा, औषधं, सुधारणा. वाईट काय त्यात? काहीच नाही. पण सेवेने जमीनदाराच्या वहीला हात लावला नाही. आणि १९४६ साली खेरांचंच सरकार असताना शामराव आणि गोदावरी परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं. आदिवासीला पाटी देणारा हात आणि त्याच्या पुढाऱ्याला जिल्ह्याबाहेर काढणारा हात एकच. मालकाच्या जमिनीला न दुखवता केलेला 'सामाजिक न्याय' हा असा असतो. आज आपल्यातले जे म्हणतात की आपल्याला फक्त सन्मान हवा, जमिनीबिमिनीचं नंतर बघू, त्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावं.

आता दुसरी बाजू. मी पुस्तकाची आरती ओवाळायला बसलेलो नाही.

पहिली खटकणारी गोष्ट नावातच आहे. माणूस 'जागा होतो'. म्हणजे आधी झोपला होता? १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथे माह्या धांगडा उंबरगावहून गेला आणि व्यासपीठावरून वारल्यांचे हाल बोलला. हा माणूस झोपला नव्हता. त्याला ऐकणारा कान मिळाला नव्हता. पुस्तक बाईंच्या डोळ्यांनी बघतं. पुण्यात वाढलेली, वकिली शिकलेली, वरच्या जातीतली बाई रानात येते, पाड्यापाड्यावर हिंडते, तिथलीच होऊन जाते. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल तोंडातून ब्र काढायची माझी लायकी नाही. पण 'मी' तीच राहते. जेठ्या गांगडने स्वतःची हकिगत लिहिली असती तर पहिलं वाक्य काय असतं? आपल्या साहित्याने मराठीला हाच प्रश्न विचारला होता. तो इथेही विचारला पाहिजे.

दुसरी गोष्ट जास्त खोल. हे पुस्तक जमीनदार आणि वारली या दोन टोकांमध्ये चालतं. वारल्याच्या खाली कोण, हा त्याचा मुख्य प्रश्न होत नाही. पण या भागात कोकणा स्वतःला वरचा समजतो, वारली कातकऱ्याला खालचा समजतो. ही उतरंड जमीनदाराने आणली नाही आणि १२ आणे मिळाले म्हणून ती मोडलीही नाही. वर्गलढ्याची ही जुनी खोड आहे : मालकाच्या विरुद्ध सगळे एक झाले की आपसातली उतरंड आपोआप गळेल, ही आशा. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळीच विचारलं होतं की विणकर खात्यात अस्पृश्याला का घेत नाही? तिथे पगार जास्त. पण धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ. म्हणजे विटाळाने पगार ठरवला होता. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' भाषणात त्यांनी समाजवाद्यांना तेच बजावलं : क्रांतीनंतर आपल्याला समान वागवतील याची खात्री नसेल, तर माणसं क्रांतीला एकत्र येणारच नाहीत.

इथे एक धागा आहे, तो दोन्हीकडचे लोक विसरलेत. हेच शामराव परुळेकर १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते. त्याच पक्षाने खोती मोडायचं बिल आणलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर गेले, त्यात कुणबीही होते, महारही होते. त्याच वर्षी मनमाडला बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांना दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ७ नोव्हेंबरला मजूरविरोधी बिलाविरुद्धच्या संपात निळे-लाल एकत्र उतरले. १९३९ ला शामराव कम्युनिस्ट पक्षात गेले. मग वाटा फुटल्या. म्हणजे झरीच्या मांडवाखाली जो माणूस उभा होता, तो काही वर्षांपूर्वी आपल्याच मांडवातला होता. तेव्हा 'त्यांचा दिवस' म्हणणाऱ्या माझ्या मित्रा, कुणाचा दिवस?

आता स्वतःकडे वळतो. नाहीतर ही समीक्षा नुसती दुसऱ्याच्या अंगणातली धूळ ठरेल.

माझे वडील रेल्वेत गँगमन. चाळीत घर. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. आमच्याकडे एक कातकरी बाई लाकडाची मोळी घेऊन यायची. आई तिला चहा द्यायची, न चुकता. पण तिचा कप वेगळा. कान तुटलेला, मोरीच्या कठड्यावर पालथा घातलेला. माझी आजी सांगायची, गावात तिला वरून ओतलेला चहा करवंटीत प्यावा लागे. त्या आजीच्याच घरात हा कप होता. मी लहान होतो, विचारलं नाही. मोठा झालो, जयंतीच्या सभेत भाषणं ठोकली, तरी विचारलं नाही. त्या बाईचा ना मजुरीचा प्रश्न आम्ही घेतला ना मानाचा. मोळीचे दोन पैसे कमी करायला मात्र घासाघीस केली. तो तुटका कप कोणत्या खात्यात मांडायचा, सांगा.

चळवळीचंही तसंच झालं. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दात आदिवासी, भूमिहीन, कष्टकरी सगळे घेतले. केवढं मोठं मन! पण १९७४ ला मार्क्स की बुद्ध यावर फूट पडली आणि शब्दातला आदिवासी कागदावरच राहिला. त्याआधी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसं तुरुंगात गेली. तिथे निळ्या झेंड्याखाली जमीन मागितली गेली. ते आपण जयंतीच्या गाण्यांत घालून विसरलो. तलासरीच्या लाल बावट्याने मात्र शाळा-कॉलेज काढलं, आणि १९७७ ला लहानू कोम हा आदिवासी माणूसच डहाणूतून खासदार झाला. त्यांच्याकडून शिकायला लाज कसली?

हा सगळा जुना इतिहास नाही. २००६ चा वनहक्क कायदा घ्या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायांना फोड आणत जे शेतकरी चालत गेले, त्यांची एक मोठी मागणी याच कायद्याची होती. कायदा म्हणतो, आदिवासीने १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दाखवावा. आणि जंगलात राहणारा पण आदिवासी नसलेला, त्यात आपला दलितही आला, त्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा. ज्याच्या आज्याचं नाव कागदावर चढूच दिलं नाही, त्याने कागद आणायचा! आणि ज्या कातकऱ्याकडे आयुष्यभर फक्त दुसऱ्याचं शेत होतं, त्याने कब्जा कशाचा दाखवायचा? जमिनीचा प्रश्न जातीच्या दारातून आत येतो आणि जातीचा प्रश्न जमिनीच्या. दार एकच आहे, आपण दोन बाजूंनी ढकलत बसलोय.

म्हणून मला वाटतं, कुठलीही चळवळ, लाल असो की निळी, तीन प्रश्नांवर घासून बघावी. हिच्या मागणीने कुणाच्या वहीतला आकडा बदलतो? हिच्या सभेत सगळ्यांत खालचा माणूस बोलतो की फक्त बसतो? आणि हिच्या कार्यकर्त्याच्या घरात वेगळा कप आहे का? पहिल्यात नापास झाली ती सेवा. दुसऱ्यात नापास झाली ती पुढारीगिरी. तिसऱ्यात नापास झाली तर पहिल्या दोन्हींचं पुढे भजं होतं.

'जेव्हा माणूस जागा होतो' पहिल्यात डिस्टिंक्शनने पास आहे. दुसऱ्यात काठावर. तिसरा प्रश्न त्या पुस्तकाने आपल्यासाठी सोडलाय. तो पेपर आपणच लिहायचा.

मंडळातल्या त्या पोराला माझं एवढंच सांगणं आहे. पुस्तक वाच, शिव्या घालायच्या तर वाचून घाल. या १० ऑक्टोबरला मी जाणार आहे. छातीवर निळी फीत लावून जाणार. जेठ्या गांगडला जयभीम करणार. येताना कातकरवाडीत थांबून चहा पिणार, त्यांच्या कपातून. तू येतोस का?