‘मंजुघोषा’: गद्याचे वैभव आणि कथानकाची मंदगती

प्रस्तावना
नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) सुरू झालेल्या अद्भुतरम्य परंपरेतील ही प्रातिनिधिक कृती होय. वास्तववादापूर्वीची अपरिपक्व अवस्था एवढ्यापुरताच तिचा उल्लेख बहुधा होतो. प्रस्तुत लेखात तिची गद्यशैली आणि कथानकरचना यांतील विसंगतीची कारणमीमांसा केली आहे.

गद्यशैली
ज्या वाङ्मयप्रकाराला मराठीने बाणभट्टाच्या ग्रंथाचेच नाव दिले, त्याने आरंभी बाणभट्टाचे वळण गिरवावे हे स्वाभाविकच होते. रिसबुडांची भाषा संस्कृतप्रचुर व अलंकारिक असून वर्णनात रमणारी आहे. क्रमिक पुस्तके, भाषांतरे आणि वृत्तपत्रे यांत वावरणारे मराठी गद्य येथे केवळ माहिती देत नाही. ते स्वतःच्या नादाचा आनंद घेते. हे यश लहान नाही.

कथानकाची रचना
कथानक मात्र रेंगाळते. प्रेम, ताटातूट, शोध व पुनर्भेट या चक्रात येणारी संकटे बाहेरून येतात आणि योगायोगाने टळतात. पात्रांच्या स्वभावातून प्रसंग निर्माण होत नसल्याने एखादा प्रसंग वगळला तरी फारसे बिघडत नाही. ही उणीव केवळ कौशल्याची नव्हे. आपल्या विवाहविषयक चालीरीतींमुळे हिंदूंच्या नित्य जीवनात मनोरंजक कथेला वाव नाही, अशा आशयाची अडचण रिसबुडांनी प्रस्तावनेतच मांडली आहे. बालविवाहाच्या समाजात वराची निवड करणारी नायिका कल्पित नगरीतच संभवते. पण समाजापासून तोडलेल्या त्या नगरीत निवडीची किंमतही मोजावी लागत नाही. तेथे खरा संघर्ष उरत नाही, उरतो तो विलंब.

तथापि रिसबुडांचा युक्तिवाद पूर्णतः ग्राह्य धरता येत नाही. बाबा पदमनजी यांनी ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) हिंदू विधवांच्या दैन्यातूनच कादंबरीचा विषय अकरा वर्षे आधी शोधला होता. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ने तर त्याच ‘नीरस’ घरगुती जीवनातून शोकात्म कथा उभी केली. अद्भुत मात्र मराठीतून नाहीसे झाले नाही. मालगुंड येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या केशवसुतांच्या ‘झपूर्झा’त ते दूरच्या नगरीऐवजी माणसाच्या मनोवस्थेत प्रकटले.

समारोप
‘मंजुघोषा’चे कथानक आज वाचकाच्या संयमाची परीक्षा पाहते, हे मान्य करावेच लागते. परंतु ‘कंटाळवाणी’ एवढाच शेरा मारून ती अभ्यासक्रमाच्या कडेला सारल्यास दोन गोष्टी निसटतात: मराठी गद्याने मिळविलेला आत्मविश्वास आणि त्या गद्याला अजून न सापडलेला विषय. वैभवशाली भाषा आणि भटकणारी कथा यांतील हे अंतर म्हणजे तत्कालीन समाजाने लेखकाच्या अनुभवावर घातलेली मर्यादाच होय.