डाव्या कोपऱ्यातील बटण : एक औचित्यविचार

घर बदलले की पहिले काही दिवस मनुष्य रात्री दिव्याचे बटण जुन्याच जागी चाचपडतो. हात भिंतीवर फिरतो, बटण सापडत नाही आणि क्षणभर स्वतःच्याच घरात आपण परके आहोत असे वाटते. तरीही तो कुरकुर करीत नाही, कारण घर त्याने स्वतः बदललेले असते. परंतु भाडेकरू चार दिवस गावाला गेला असता घरमालकाने सगळी बटणे हलवून ठेवली आणि वर 'ही नवी रचना अधिक सोयीची आहे' असे सांगितले, तर तो भाडेकरू काय म्हणेल? 'मायक्रोसॉफ्ट' कंपनीची 'विंडोज ८' ही संगणकप्रणाली २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विक्रीस आली, तेव्हा वापरकर्त्यांनी जे म्हटले ते साधारण असेच होते.

साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत संगणकाच्या पडद्याची चर्चा कशासाठी, अशी शंका काही वाचकांना येईल. आमचे उत्तर असे की, टीका ही केवळ ग्रंथांवरच होते असे नाही. एखादी रचना लाखो लोकांपुढे येते, लोक तिच्याविषयी बोलतात, चिडतात, थट्टा करतात आणि अखेर रचनाकाराला आपली कृती बदलावी लागते. ही टीकाव्यवहाराचीच एक घटना होय. त्या टीकेत सोने किती आणि हीण किती, हे पाहणे टीकाभ्यासकाचे काम आहे.

प्रथम घटना थोडक्यात सांगणे इष्ट. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात तळाशी असणारे 'स्टार्ट' हे बटण २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या 'विंडोज ९५'चे अपत्य. त्यापूर्वीच्या रचनेत नवख्या माणसाला एखादा प्रोग्रॅम कोठून सुरू करावा हेच कळत नसे. वापरणाऱ्यांना समोर बसवून, त्यांची अडचण प्रत्यक्ष पाहून हे बटण घडविले गेले. तेवढ्यानेही भागणार नाही असे वाटल्यामुळे आरंभी एक बाण सरकत सरकत त्या बटणापाशी येई आणि 'येथून सुरुवात करा' असे सुचवी. संगणक बंद करायचा तरी 'स्टार्ट'च दाबायचे, ही विसंगती विनोदाचा विषय झाली. पण तोही विनोद अंगवळणी पडला. सतरा वर्षे कोट्यवधी हात त्या एका कोपऱ्याकडे न पाहता जात राहिले.

'विंडोज ८'मध्ये ते बटणच काढून टाकण्यात आले. संगणक सुरू होताच रंगीबेरंगी चौकोनांनी, म्हणजे 'टाइल्स'नी, भरलेला एक पूर्ण पडदा समोर येई. ओळखीचा 'डेस्कटॉप' त्यांतील एका चौकोनामागे जाऊन बसला. जुना मार्ग सापडावा म्हणून माउस नेमक्या कोपऱ्यात न्यावा लागे, आणि तेथे काही आहे याची खूण पडद्यावर नसे. संगणक बंद करण्यासाठी उजव्या कोपऱ्यातून एक लपलेली पट्टी बाहेर काढायची, तीत 'सेटिंग्ज', मग 'पॉवर', मग 'शट डाउन' असा प्रवास करायचा. नव्या धाटणीचे प्रोग्रॅम पूर्ण पडदा व्यापून बसत. एका वेळी फार तर दोन शेजारी मांडता येत. जिचे नावच 'खिडक्या' असे आहे त्या प्रणालीतून खिडक्या हद्दपार व्हाव्यात, हा योग मोठा विलक्षण होता.

निर्मात्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. २०१० साली 'अ‍ॅपल'चा 'आयपॅड' आला आणि बोटाने चालणाऱ्या पडद्यांचे युग सुरू झाले. टेबलावरचा संगणक आणि हातातील पाटी या दोहोंना एकच रूप द्यावे, ही कल्पना मुळात क्षुद्र नव्हती. शिवाय पूर्वीच्या आवृत्तीत लोक 'स्टार्ट'ची यादी कमी उघडतात, वारंवार लागणारे प्रोग्रॅम तळच्या पट्टीवरच रोवून ठेवतात, अशी मोजणीही त्यांच्या हाती होती. आमच्या मते चूक येथेच झाली. देवघरातील समई दिवसातून एकदाच लावली जाते, म्हणून ती घरात अनावश्यक आहे असे कोणी म्हणत नाही. एखाद्या वस्तूला हात किती वेळा लागतो यावरून तिचे स्थान ठरत नाही. ती नसेल तर माणूस किती गोंधळतो यावरून ठरते.

आता प्रतिक्रियांकडे वळू. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग रुचीचा. 'रंग भडक आहेत', 'हे लहान मुलांचे खेळणे दिसते', 'फोनचा पडदा फुगवून ठेवला आहे' अशा स्वरूपाची ही टीका. दुसरा वर्ग स्थानाचा. 'बंद कोठून करू?', 'मागे कसा जाऊ?', 'मी आत्ता कोठे आहे?' असे प्रश्न विचारणारा. तिसरा वर्ग कृतीचा. या मंडळींनी वाद घालण्यात वेळ न दवडता 'क्लासिक शेल', 'स्टार्ट ८' यांसारखे छोटे प्रोग्रॅम बसवून घेतले आणि गेलेले बटण आपल्यापुरते परत आणले. या प्रणालीचे चाहतेही होते, हे नमूद केले पाहिजे. ती चटकन सुरू होते, बोटाने चालणाऱ्या यंत्रावर ती शोभते, असे ते म्हणत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते.

या तिन्ही वर्गांना 'बदलाला विरोध करणारे' अशा एकाच गाठोड्यात बांधण्याची प्रथा तेव्हा पडली. ती आम्हांस मान्य नाही. पहिल्या वर्गाविषयी मात्र आम्ही फारसे आग्रही राहणार नाही. २००१ साली 'विंडोज एक्सपी' निळ्या पट्टीवर हिरवे बटण घेऊन आली, तेव्हा तिलाही 'खेळणे' म्हणून हिणविले गेले होते. पुढे ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा अधिकृत आधार संपला, तेव्हा तीच 'एक्सपी' अनेकांना सोडवेना. रुचीचा राग असा काळाच्या ओघात विरघळतो. पण एक भेद ध्यानात ठेवावा : 'एक्सपी'मध्ये ज्यांना नवे रूप रुचले नाही त्यांना जुने रूप निवडण्याची मुभा होती. 'विंडोज ८'ने ती ठेवली नाही.

दुसऱ्या वर्गाची टीका वेगळ्या जातीची आहे. तिचे मर्म कळण्यासाठी आपल्या काव्यशास्त्रातील एक जुनी संज्ञा उपयोगी पडते. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात औचित्याला काव्याचे जीवित मानले. अलंकार कितीही मोलाचा असो, तो उचित स्थानी नसेल तर शोभा देत नाही, असे त्याचे प्रतिपादन. 'विंडोज ८'चे चौकोन बोटाखाली उचित होते. टेबलावर, माउस आणि कळफलक यांच्यापुढे, ते अनुचित ठरले. कडेला लपलेल्या पट्ट्या हातातील पाटीवर अंगठ्याला सहज सापडत. मोठ्या पडद्यावर माउसने त्यांचा शोध घ्यावा लागे. दोष नवेपणाचा नव्हता, सौंदर्याच्या अभावाचाही नव्हता. तो अस्थानी योजनेचा होता. सामान्य वापरकर्त्याने क्षेमेंद्राचे नावही ऐकलेले नसेल. पण 'मी कोठे आहे?' हा त्याचा प्रश्न शुद्ध औचित्याचा प्रश्न होता.

पुढील इतिहास या निदानाला पुष्टी देतो. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी 'विंडोज ८.१' आली. तीत बटण परत आले, परंतु ते दाबले की तोच चौकोनांचा पडदा उघडे. तथापि संगणक सुरू होताच थेट 'डेस्कटॉप'वर जाण्याची सोय झाली. एप्रिल २०१४च्या सुधारणेत संगणक बंद करण्याची कळ डोळ्यांसमोर आली. २९ जुलै २०१५च्या 'विंडोज १०'मध्ये जुन्या धर्तीची यादी पूर्ववत डाव्या कोपऱ्यात उघडू लागली, आणि तिच्याच शेजारी ते रंगीत चौकोनही राहिले. ते गेले २०२१च्या 'विंडोज ११'मध्ये, पुष्कळ उशिरा. म्हणजे ज्या तक्रारी रुचीच्या होत्या त्या वर्षानुवर्षे पडून राहिल्या. ज्या स्थानाच्या होत्या त्यांच्यापुढे कंपनीला तीन वर्षांत पायरीपायरीने झुकावे लागले. टीकेतील सोने कोणते, याचा निर्णय असा व्यवहारानेच दिला.

येथे आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज राहवत नाही. उतारवयात संगणक शिकलेल्या पुष्कळांकडे एक वही असते. आमच्या मंडळींपैकी काहींकडे ती आम्ही पाहिली आहे. वळणदार अक्षरांत लिहिलेले असते : 'प्रथम डाव्या कोपऱ्यात खाली जावे. तेथून वर तिसरी ओळ. नातीचे पत्र येथे ठेवले आहे.' ही वही म्हणजे त्या व्यक्तीचे कष्टार्जित ज्ञान असते. तरुण मनुष्य रचना बदलली की चार ठिकाणी दाबून पाहतो आणि वाट काढतो. वहीवाल्याला भीती असते की काही बिघडेल. तो मुलाला विचारतो, मुलगा घाईत असतो, आणि दोन-तीनदा विचारल्यावर तो विचारणे सोडून देतो. सवय म्हणजे आळस, असे रचनाकार मानतात. वहीवाल्याच्या बाबतीत सवय म्हणजे स्वावलंबन असते. बटण हलते तेव्हा तेही हलते.

बदल कसा करावा याचे एक चांगले उदाहरण त्याच 'विंडोज ८'मध्ये होते, आणि ते आपल्या लिपीशी संबंधित आहे. प्रणालीच्या पडद्यावरील देवनागरीसाठी 'मंगल' या टंकाच्या जागी 'निर्मला' हा नवा टंक तिच्यात आला. अक्षरांचे वळण बदलले. पण 'मंगल'मध्ये टंकलिखित केलेला मजकूर तसाच वाचता येत राहिला, कारण दोहोंच्या मुळाशी युनिकोडचा एकच संकेत होता. त्याआधीच्या काळात प्रत्येक टंकाचा संकेत निराळा असे आणि टंक बदलला की लेखाचा चिखल होई, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या सातत्याचे मोल सांगायला नको. रूप बदलले आणि वाट शाबूत राहिली, तर तक्रारीला जागाच उरत नाही.

वाट तुटली की काय होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पणजोबांच्या हातचे मोडीतील कागद पेटीत आहेत. लिपी बदलण्याची सोय खरी होती, छपाईची गरजही खरी होती. तरी आज ते कागद वाचून घेण्यासाठी जाणकार शोधावा लागतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या घराण्यांना बदलाचे भय असते, तर ती टिकलीच नसती. आपण बोली बदलल्या, स्वयंपाक बदलला, राजवटी बदलताना पाहिल्या. परंतु काय बदलावे आणि काय जाग्यावर ठेवावे, यात आपला हात होता.

वापरकर्त्याची मागणी याहून अधिक नसते. 'विंडोज ११'ने २०२१ साली ते बटण मध्यभागी आणले, तेव्हा पुन्हा नाराजी उमटली. पण या वेळी ते डावीकडे नेण्याची मुभा पहिल्या दिवसापासून होती. तेवढा धडा तरी घेतला गेला, असे आम्ही समजतो. घरमालकाने घर जरूर सुधारावे. मात्र अंधारात चाचपडणारा हात कोणत्या भिंतीकडे जातो, हे आधी पाहून घ्यावे.