समुद्राच्या पाण्याचे इंधन : बातमी आणि हिशेब

समुद्राच्या पाण्यापासून इंधन तयार झाल्याची बातमी २०१४ च्या एप्रिलमध्ये जगभर झळकली. 'आता विमाने पाण्यावर उडणार' असा समज तेव्हापासून पसरला आहे व वर्गातही तो अधूनमधून डोके वर काढतो.

मूळ काम अस्सल आहे. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत हेदर विलॉअर यांच्या गटाने समुद्राच्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन मिळवले, लोहयुक्त उत्प्रेरकावर त्यांचा संयोग घडवला आणि त्यापासून बनवलेल्या द्रव इंधनावर पी-५१ या जुन्या लढाऊ विमानाची छोटी प्रतिकृती उडवून दाखवली. तक्रार आहे ती बातमीत जे सांगितले गेले नाही त्याबद्दल.

पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख. ती पुन्हा पेटवायची तर जळताना बाहेर पडलेली ऊर्जा आधी परत द्यावी लागते. फळ्यावर हिशेब मांडून पाहा. १ लीटर विमान-इंधनात सुमारे ७०० ग्रॅम कार्बन असतो. त्यासाठी अडीच किलो कार्बन डायऑक्साइड हवा. समुद्राच्या १ लीटर पाण्यात तो, बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात, जेमतेम १०० मिलिग्रॅम असतो. म्हणजे कणभरही वाया गेला नाही तरी २५,००० लीटर पाणी उपसायचे. दहा हजार लीटरचे अडीच टँकर!

आता हायड्रोजन. तो सुमारे ३५० ग्रॅम लागेल. विद्युत अपघटनाने १ किलो हायड्रोजन मिळवायला ५० युनिटच्या आसपास वीज लागते, तेव्हा येथेच १७ युनिट खर्ची पडले. पंपांची वीज वेगळी. हाती आलेल्या लीटरभर इंधनात ऊर्जा किती? साडेनऊ युनिट. त्यातलीही इंजिन एक-तृतीयांशच कामी लावणार. (एवढा हायड्रोजन जातो कुठे, असे एखादा चलाख विद्यार्थी विचारीलच. त्याचा दोन-तृतीयांश भाग कार्बन डायऑक्साइडमधील ऑक्सिजनशी जुळून पुन्हा पाणीच होतो.)

नौदलाला हा घाट्याचा व्यवहार परवडू शकतो. अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू जहाजाकडे वीज असते, पण विमानांसाठी तेल बाहेरून आणावे लागते आणि युद्धकाळात तेलवाहू जहाज हे सोपे लक्ष्य ठरते. इतरांचे तसे नाही. कोळशाच्या विजेचे १७ युनिट म्हणजे १७ किलोच्या घरात कार्बन डायऑक्साइड. खनिज तेलापासूनचे १ लीटर इंधन जाळून निघतो अडीच किलो!

या प्रक्रियेने समुद्राची आम्लता घटेल, असेही लिहिले गेले. ते पटत नाही. इंधन जळले की तोच वायू हवेत जातो आणि हवेतून त्याचा काही भाग पुन्हा समुद्रात उतरतो. उलट धोका आहे तो पाणी उपसण्यात. पंपाच्या जाळ्या मोठे मासे अडवतील, पण माशांची अंडी, पिल्ले आणि प्लवक पाण्याबरोबर आत ओढले जातील. शिवाय वायू सुटा करण्यासाठी पाणी आम्लधर्मी करावे लागते. प्रक्रियेतच तयार होणारे अल्कधर्मी पाणी त्यात नीट मिसळल्याशिवाय ते समुद्रात सोडले, तर निकासाजवळच्या शिंपल्यांची कवचे झिजू लागतील.