‘टिलीमिली’ : फळा काढून टाकलेली शाळा

२०२० च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. तेव्हा बाकी सगळे अख्खा वर्ग मोबाइलमध्ये कोंबत होते : फळा, हजेरी, ‘म्यूट कर रे’. या मालिकेनं फळाच काढून टाकला. शिकायचं घरातल्या, अंगणातल्या वस्तूंवरून आणि शिक्षकाच्या जागी घरातलं मोठं माणूस.

हा तिचा सगळ्यात धीट निर्णय. ती अडतेही तिथंच. माध्यम टीव्ही निवडलं, हे बरोबरच. ‘असर’च्या त्या वर्षीच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या जवळपास ३८ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोनच नव्हता. पण टीव्ही कुणासाठी थांबत नाही आणि मोठं माणूस पाठाच्या वेळी शेतात असतं.

माझी मावसबहीण तेव्हा चौथीत होती. पडद्यावरचं मूल आईला काही विचारायचं, की हिची मान रिकाम्या स्वयंपाकघराकडे वळायची. (मावशी कांद्याच्या रोपांत.) तोवर पाठ पुढे गेलेला. मग ती मला विचारायला लागली. माझ्या एका कानात बारावीचं फिजिक्स चालू असायचं. त्यातलं आज काहीही आठवत नाही. तिचे प्रश्न आठवतात.