तो भुंगा, ती मधमाशी, ते मोहोळ

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना सर्वांत जास्त घाम फुटतो तो नपुंसकलिंगापाशी. उर्दूत लिंगे दोनच, मुजक्कर आणि मुअन्नस. ‘ते झाड’, ‘ते घर’ म्हटले की वर्ग गोंधळतो. म्हणून मी फळ्यावर तीन शब्द लिहिते : तो भुंगा, ती मधमाशी, ते मोहोळ. मुलांना वाटते तिघे एकाच घरचे. भुंग्याचा मोहोळाशी काही संबंध नाही, हे मलाही फार उशिरा कळले.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘आपा, शहद कौन बनाता है?’ मी म्हटले, मधमाशी. ‘फिर नज़्म में हर जगह भुंगा क्यों?’ तास संपत आला होता म्हणून सुटले. प्रश्न मात्र व्याकरणाचा नव्हता, समीक्षेचा होता.

मराठी कवितेत भ्रमराचा मान मोठा आहे. ज्ञानेश्वरीच्या (इ. स. १२९०) पहिल्या अध्यायातल्या त्याच्या दोन प्रतिमा विसरता येत नाहीत. एक, ही कथा कशी ऐकावी हे सांगताना : भ्रमर पराग घेऊन जातो आणि कमळाच्या पाकळ्यांना त्याची खबरही लागत नाही. रसिक वाचकाची याहून नेमकी व्याख्या मला तरी ठाऊक नाही. दुसरी प्रतिमा अर्जुनाच्या मोहाची. वाटेल ते कोरडे लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत अडकतो. जीव जाईल, पण ती पाकळी तो चिरणार नाही.

आता हे लाकूड पोखरणारे कोण, ते पाहू. आपल्या घरांच्या वाशांत, वाळक्या बांबूत गोल भोक पाडून राहणारा तो मोठा काळा भुंगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. ते भोक पाडते मादी. आत बोगदा कोरून परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते, मध्ये भुश्याची भिंत घालते आणि पुढची खोली करते. नर बाहेर घिरट्या घालतो, जवळ येणाऱ्याच्या अंगावर धावून जातो. पण त्याला नांगी नसते, त्याचा सगळा दरारा आवाजाचा. म्हणजे ज्ञानेश्वरांचे निरीक्षण पक्के आहे, लिंग तेवढे संस्कृत काव्याच्या संकेतातून आलेले आहे. माझ्या मते हे ध्यानात घेतले तर प्रतिमा बिघडत नाही, उलट खोल जाते. अर्जुन अडकला तो प्रेयसीत नव्हे, आप्तांत. आणि पिलांसाठी लाकूड कोरणारीच कोवळ्या पाकळीपाशी हतबल होते, हे आप्तस्नेहाचे जास्त खरे चित्र आहे.

पुढच्या शृंगारिक कवितेने मात्र हा भ्रमर स्वस्त केला. या फुलावरून त्या फुलावर जाणारा रंगेल पुरुष आणि वाट पाहणारी कळी, एवढ्यावर शाहिरांपासून सिनेमातल्या गाण्यांपर्यंत सगळ्यांचे भागले. उर्दूवाल्यांनी हसू नये. आपल्या गझलेत मधमाशीला जवळजवळ जागाच नाही. तिथे बुलबुल रडतो आणि परवाना जळतो. परवान्याने आजवर शमेसाठी जळण्यापलीकडे काय केले, हे विचारण्याची पद्धत नाही. फारसीत रूमींनी ‘मसनवी’त एक वेगळी गोष्ट सांगितली आहे : गांधीलमाशी आणि मधमाशी एकाच जागी चरतात, एकीपाशी फक्त डंख तयार होतो, दुसरीपाशी मध. इथे माशी प्रेम करीत नाही, काम करते. तिचे मोल ती काय देते यावरून ठरते.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या बहिणाबाई चौधरींचे. त्यांच्या खोप्याच्या कवितेत सुगरण पिलांसाठी घरटे विणते. पक्षीशास्त्र सांगते की सुगरण पक्ष्यात घरटे विणतो नर. मादी ते पाहून पसंत करते. मग बहिणाबाई चुकल्या? मी तसे म्हणणार नाही. जात्यावर दळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने विणणारे हात पाहिले आणि ते आपलेच आहेत असे ओळखले. पंडितांनी पोखरणारीला ‘तो’ केले, बहिणाबाईंनी विणणाऱ्याला ‘ती’ केले. कवितेतल्या प्राण्याचे लिंग निसर्ग ठरवीत नाही, लिहिणाऱ्याचा अनुभव ठरवतो.

या दृष्टीने कुराणातील ‘नहल’ ही सोळावी सूरत पुन्हा वाचावी. ६८ आणि ६९ या आयतींत मधमाशीला आज्ञा आहेत : डोंगरांत, झाडांत आणि माणसे उभारतात त्यात घर कर, फळांफुलांतून घे, आपल्या रबच्या वाटांनी चाल. अरबीत ही सर्व क्रियापदे स्त्रीलिंगी आहेत. मराठीत किंवा उर्दूत आज्ञार्थाला लिंग नसते. ‘खा’ मुलालाही आणि मुलीलाही. त्यामुळे भाषांतरात ती हाक ‘ती’ला आहे हे कानाला जाणवत नाही. इथे एक सावधगिरी. ‘नहल’ हे समूहवाचक नाम आहे आणि अरबीत अशी नामे स्त्रीलिंगी चालतात. म्हणून या क्रियापदांतून विज्ञान काढून दाखवणाऱ्या पुस्तिका मला पटत नाहीत. अ‍ॅरिस्टॉटल पोळ्यात राजा असतो म्हणाला, युरोप शतकानुशतके तेच मानीत आला. १६०९ मध्ये चार्ल्स बटलरने पोळ्याला राणीचे राज्य म्हटले, आणि त्याच शतकात स्वामरडॅमने सूक्ष्मदर्शकाखाली त्या ‘राजा’च्या पोटातले अंडाशय पाहिले. ज्याचे श्रेय त्याला द्यावे. आयतीचे महत्त्व माझ्यासाठी दुसरेच आहे. तिथे ‘वही’चे क्रियापद येते, आणि ते येते एका राबणाऱ्या कीटकासाठी. शेवटी विचार करणाऱ्यांसाठी यात निशाणी आहे असे म्हटले आहे, आणि आपण मात्र मधाच्या बाटलीपाशी थांबतो. (माझी दादी प्रत्येक नातवंडाला जन्मताच मध चाटवायची. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका असे डॉक्टर सांगतात, ते ऐकावे.)

राबणे म्हणजे काय, तेही पाहू. बाहेर हिंडणारी, मध आणणारी प्रत्येक माशी मादी असते. हंगामात ती जेमतेम सहा आठवडे जगते आणि उभ्या आयुष्यात चमचाभरही मध तिच्याकडून होत नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यात हिवाळ्यात तूर फुलली की तिचा आवाज येतो. माझ्या लहानपणी करडईही असायची; सोयाबीन आले आणि ती मागे हटली. शेताच्या बांधावर उभे राहिले की एकीकडे कापूस वेचणाऱ्या बायका आणि दुसरीकडे तुरीवरच्या माश्या दिसतात. यावर कविता आहे का? असली तर मी वाचलेली नाही.

मी काम केलेल्या एका शाळेच्या पिंपळावर आग्या मोहोळ होते. पालकांनी तक्रार केली, ती रास्त होती. आग्या माश्या उठल्या तर माणूस दगावतो. एका रात्री टेंभे पेटवून मोहोळ झाडले गेले. सकाळी आवारभर माश्यांचा खच. झाडलोट मुलींकडे असायची, मुलांकडे घंटा आणि पाणी. मुलींनी त्या माश्या सुपल्यांनी भरून नेल्या. मध कुणी नेला ते कळले नाही. त्या दिवशी वर्गात मी भुंग्याची, मोहोळाची, सगळी खरी हकिगत सांगितली, लाकूड पोखरणाऱ्या मादीसकट.

सहामाहीत लिंग ओळखण्याचा प्रश्न होता. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने लिहिले होते : भुंगा, स्त्रीलिंग. मी लाल शाईने फुली मारली. मग फुलीशेजारी अर्धा गुण दिला. हेडमास्तरांनी उत्तरपत्रिका तपासताना तो खोडला.