एकाच लाकडाची दोन वाद्ये

जुन्या धाटणीची टेलिकास्टर गिटार आणि तिच्याच घडणीची प्रिसिजन बेस शेजारी ठेवल्या, तर पाहणाऱ्याला त्या सख्ख्या बहिणीच वाटतील. ॲश लाकडाचे सपाट, पिवळसर धड, त्यावरील काळी पट्टी, चार स्क्रूंनी जोडलेली मेपलची मान, सारे सारखेच. दोन्ही लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील कारखान्यात जन्मल्या. १९५० साली ‘ब्रॉडकास्टर’ म्हणून आलेल्या गिटारीला १९५१ साली आजचे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी बेस आली.

हे साम्य मात्र डोळ्यांपुरतेच आहे. गिटारीला सहा तारा, त्यांची बोलती लांबी साडेपंचवीस इंच. बेसला चारच तारा, पण चौतीस इंचांच्या. गिटारीच्या खालच्या चार तारांचे स्वर बेस एक सप्तक खाली बोलते. तानपुऱ्यातील खर्जाची तार ज्याने ऐकली आहे, त्याला या स्वराचे मोल सांगावयास नको. बेसचा खरा पूर्वज गिटार नव्हे, तर उभे राहून वाजवावयाचा डबल बेस होय. त्याच्या मानेवर पडदे नसतात, स्वर कानानेच शोधावा लागतो. फेंडर यांनी पडदे बसविले, स्वरस्थाने निश्चित झाली, म्हणून नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता.

गिटारीचे मूळ रूप आजवर टिकले. बेसच्या कडा १९५४ साली गोलावल्या गेल्या आणि १९५७ साली तिचा पिकअप बदलला. हे बदल योग्यच होते, कारण सपाट धडाची कड वादकाच्या अंगाला रुतते. पुढे १९६८ साली ते जुने रूप पुन्हा बाजारात आले, ते मात्र ‘टेलिकास्टर बेस’ या नावाने. बेसला स्वतःच्याच रूपासाठी गिटारीचे नाव घ्यावे लागले!

वादकांच्या वाट्यालाही हेच आले. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गीतांना जेम्स जेमरसन यांच्या प्रिसिजन बेसचा आधार होता, तरी वेष्टनावर त्यांचे नाव छापले जाण्यास १९७१ साल उजाडावे लागले. मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिमुद्रिकेने तो मान त्यांना दिला.

तेव्हा श्रेष्ठ कोण? एकट्याने गीताची साथ करावयाची असेल तर गिटारच हवी, बेसला ते साधणार नाही. परंतु दोन्ही असतील तर एकाच मापाने तोलणे अन्यायाचे ठरेल. गिटारीचे यश ती ऐकू येण्यात आहे, तर बेसचे यश इतरांचा सूर स्थिर ठेवण्यात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही उपासनेत वाव दिला. त्या ऑर्गनच्या वादकाचे हात आपणांस दिसतात, खर्ज वाजविणारी पावले मात्र दिसत नाहीत. गायकवृंदातील बेसवादकाची स्थिती याहून वेगळी नाही. पुढील सणाच्या मिस्सानंतर गायक आणि गिटारवादक यांचे आभार मानताना त्याचेही नाव घ्यावे, एवढेच या तुलनेतून सुचवावेसे वाटते.