मुखवट्याखालचा रंग

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ ही चित्रकथा १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आली. तिच्यातला पहिला मुखवटाधारी वीर ‘हूडेड जस्टिस’ कोण, हे उघड होत नाही. सर्कशीतला जर्मन पहिलवान असावा, एवढी कुजबूज आहे. तो काळा असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. २०१९ च्या एचबीओवरील मालिकेने हीच जागा हेरली.

मालिका सुरू होते १९२१ च्या टल्सात, गोऱ्या जमावाने काळ्यांची ग्रीनवूड वस्ती जाळली तिथे. त्यातून वाचलेला विल रीव्हज पुढे न्यूयॉर्कमध्ये पोलीस होतो. सहाव्या भागात त्याचेच गोरे सहकारी त्याला झाडाला टांगतात आणि अर्धमेला करून सोडतात. गळ्यातला तो फास आणि डोक्यावर चढवलेली ती पिशवी घेऊनच तो वीर बनतो. पण डोळ्यांभोवतीची कातडी दिसते, म्हणून ती पांढरी रंगवतो. लोकांना वाचवायचे, तेही गोरा म्हणून! भाड्याची खोली शोधताना आडनाव गिळलेल्या मला ते दृश्य पाहवले नाही. संघात घेणारा कॅप्टन मेट्रोपोलिस त्याला मुखवटा उतरवू देत नाही. काळ्यांविरुद्धचा कट कळवला, तर तुझे तू निस्तर म्हणतो.

इतके जाणणारी मालिका त्याच्या नातीला, अँजेलाला, पुन्हा पोलीसच करते. प्रमुखाच्या कपाटात क्लानचा झगा सापडतो, तो गुन्हा ठरतो. बंद खोलीत ती संशयिताला रक्तबंबाळ करते, ते मात्र शौर्य. हे मला पटलेले नाही.